म्हणूनबाईंचा खोटा आठवडा

“बाई, म्हणजे एक बरोबर दोन?”

बडबड्या उभा राहून विचारत होता. त्याला कुणी उभं केलं नव्हतं.

“फळ्यावर काय दिसतंय?” बाईंनी खडू ठेवला आणि बोटं झाडली.

“तेच दिसतंय.”

“मग तेच.”

“पण बाई, असं कसं होईल? हे जरा अतीच झालं.”

“कसं झालं ते तू शोधायचं. शनिवारपर्यंत.”

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता. खिडक्यांतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि खडूची भुकटी त्यात खाली न येता नुसती तरंगत होती. अशा तासाला एरवी अर्धा वर्ग पेंगत असे. आज सगळे जागे होते आणि फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे बाईंच्या ठसठशीत अक्षरात शेवटची ओळ होती: २ = १.

बाईंचं खरं नाव शाळेत फक्त हजेरीपटाला माहीत होतं. मुलं त्यांना पाठीमागे ‘म्हणूनबाई’ म्हणत. त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘म्हणून’ने सुरू व्हायचं. फळ्यावर त्या ‘म्हणून’चे तीन ठिपके इतके ठाशीव द्यायच्या की शेजारच्या वर्गातही टक, टक, टक ऐकू जायचं. आपलं हे नाव बाईंना ठाऊक होतं. आजवर शाळेने त्यांना ज्या ज्या नावांनी हाक मारली त्यांत हेच त्यांना सगळ्यात बिनचूक वाटे.

दर वर्षी आठवीला अवयव पाडणं शिकवून झालं की येणाऱ्या सोमवारी त्या ही सिद्धता लिहीत. सुरुवात अगदी साळसूद. अ आणि ब या दोन संख्या घ्या, त्या सारख्या आहेत असं समजा. दोन्ही बाजूंना अ ने गुणा. दोन्ही बाजूंतून ब चा वर्ग वजा करा. आता अवयव पाडा. डावीकडे (अ + ब) गुणिले (अ − ब), उजवीकडे ब गुणिले (अ − ब). दोन्हीकडे (अ − ब) आहे, तो काटून टाका. उरलं, अ + ब = ब. पण अ आणि ब तर सारखेच. म्हणून दोन ब बरोबर एक ब. म्हणून दोन बरोबर एक.

खोट त्या काटण्यात होती. अ आणि ब सारखे असतील तर अ वजा ब म्हणजे शून्य. काटणं म्हणजे भागणं, आणि शून्याने भागायचं नसतं. पाच गुणिले शून्य आणि सात गुणिले शून्य दोन्ही शून्यच. तिथलं शून्य काटलं तर पाच आणि सात सारखे होऊन बसतात. हे मुलांना पाठ असायचं. परीक्षेत विचारलं तर लिहिताही यायचं. पण कंसाचा बुरखा घेऊन समोर आलेलं शून्य त्यांना ओळखू येत नसे. बाईही काटताना जरा ऐट करायच्या, दोन तिरक्या रेघा, सर्र सर्र, आणि श्वास न घेता पुढची ओळ.

मग नियम सांगायचे. आठवडाभर हा कोपरा पुसायचा नाही. ज्याला चूक सापडेल त्याने मधल्या सुट्टीत येऊन बाईंच्या कानात सांगायची. बरोबर असेल तर बाई मान डोलावणार, आणि मग त्याने तोंड मिटून राहायचं. शनिवारी सगळ्यांसमोर उलगडा. नववी-दहावीतली पोरं आठवीला काही सांगत नसत. शाळेत गुपितं टिकायची नाहीत, शिक्षकांची लग्नंसुद्धा आधी मुलांना कळायची, पण हे एवढं एक गुपित कुणी फोडलं नव्हतं.

त्या सोमवारी तास सुटल्यावर वर्ग रिकामा झाला, तरी खिडकीजवळची मुलगी बसून होती. शाळा सुरू झाल्यावर ती उशिरा दाखल झाली होती, दुसऱ्या गावाहून. सगळे तिला नवी म्हणत. ती कुणाशी बोलत नसे. बाईंनी विचारलं तर होय-नाही एवढंच. आता ती हनुवटी तळहातावर टेकून फळ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर बाईंनी याआधी न पाहिलेलं काहीतरी होतं. बाईंना वाटलं, हिला सापडलं बहुतेक.

“काय गं?”

“काही नाही, बाई.” आणि ती हसली.

या आठवड्याची बाई वर्षभर वाट बघत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नव्हतंच ते. शाळेतून घरी जाताना त्या नेहमीच्या रस्त्याने निघत आणि त्या फळ्यावरच्या ओळीत राहायला जात. एक बरोबर दोन असेल, तर दोन बरोबर तीन, तीन बरोबर चार. म्हणजे सगळ्या संख्या एकच. मग घरांच्या फाटकांवरच्या आकड्यांना अर्थ नाही. कुठल्याही दाराशी थांबून कडी काढावी, ते आपलंच घर. पोस्टमनने पिशवी पहिल्याच पायरीवर रिकामी करावी आणि शीळ घालत परत जावं. किती वाजले हे विचारू नये. दोरीवरच्या उड्या मारणारी ती चिमुरडी आणि आपण एकाच वयाच्या. पुलाखालचं पाणी काल वाहून गेलं तेच आज येतंय. औषधाच्या दुकानाच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब बरोबरीने चालायचं आणि बाई त्याला वाट करून देण्यासाठी जरा बाजूने चालायच्या.

स्वप्न पडतंय हे स्वप्नातच कळलं की माणूस बिनधास्त उडी मारतो, तसं होतं ते. चूक कुठे आहे हे माहीत होतं, म्हणूनच असं फिरता यायचं.

बाकी त्यांच्या आयुष्यात फिरण्यासारखं फार नव्हतं. एका वर्षापुरत्या जागेवर या शाळेत आल्या आणि राहिल्या. एकदा लग्न ठरत आलं होतं, मग ठरलं नाही. कुणाची काही चूक नव्हती, त्यामुळे कुणावर रागावताही आलं नाही. भाऊजी गेल्यावर थोरली बहीण, अक्का, त्यांच्याकडे राहायला आली. दोघींचे आवाज इतके सारखे की फोनवर माणसं अक्कालाच गृहपाठ विचारत आणि अक्का बेधडक सांगतही असे.

मंगळवारी कान फुंकणं सुरू झालं.

“बाई, उणेचं चिन्ह लिहिताना तुमचा खडू घसरला होता.”

बाईंनी मान हलवली. नाही.

“बाई, ब हे अक्षरच नकोय. दुसरं घेतलं की चूक जाईल.”

नाही.

ढापणीला, म्हणजे चष्मा लावणाऱ्या वर्गप्रमुख मुलीला, बुधवारी सापडलं. बाईंनी मान डोलावली. ती लालेलाल झाली आणि त्या क्षणापासून तोंडावर रुमाल धरून हिंडू लागली, न जाणो चुकून तोंडून निघून जायचं.

संध्याकाळी वर्ग झाडायला आलेल्या शिपाईमामांनी सगळा फळा पुसला, कोपरा सोडला, आणि फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, “बाई, एक बरोबर दोन झालंच आहे, तर या महिन्यात माझ्या एका रजेच्या दोन धरा की.”

“धरते. तुम्ही एकदा घंटा वाजवा, मी दोनदा ऐकते.”

“असं म्हटलं की तुम्ही पलटता बघा.” मामा हसत पुढच्या वर्गात गेले.

गुरुवारी नवीची आई आली.

शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. दारात एक बाई उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

“तुम्हीच ना, गणिताच्या?”

“हो. या, बसा.”

“नाही, बसत नाही. कामावर जायचंय.” असं म्हणून ती बसली. “आमची मुलगी तुमच्या वर्गात आहे. खिडकीपाशी बसते.”

“नवी. हो. लिखाण नीटनेटकं आहे तिचं. बोलत नाही फक्त.”

“सोमवारी बोलली.” तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “दोघी होत्या त्या. जुळ्या. मागच्या वर्षी धाकटी गेली. धाकटी म्हणजे काय, जरा वेळाने आली एवढंच. ताप आला आणि... असो.”

बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

“सगळे म्हणाले, पोरीसमोर विषय काढू नका, विसरेल. म्हणून घर बदललं. शाळा बदलली. सामान आणताना एकच खाट आणली. तिचं नाव आम्ही घरात घेत नाही. ही पण घेत नाही. आम्हाला वाटलं, चला, जमतंय. पण पोरगी जेवेचना. हसेना. नुसती बसलेली. आणि सोमवारी संध्याकाळी आली ती दप्तर न काढताच म्हणाली, आई, एक बरोबर दोन असतं. बाईंनी आज सिद्ध करून दाखवलं. आणि जेवली हो पोटभर.”

बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी फुंकली. बाईंनी समोरची पट्टी उचलली आणि परत ठेवली.

“शनिवारी तुम्ही त्यातली चूक सांगता म्हणे.”

“सांगते.”

“नका सांगू.”

“अहो, ती खोटी सिद्धता आहे. मुलांनी सावध राहावं म्हणून मी...”

“मला माहीत आहे ती खोटी आहे.” आईचा आवाज चढला नाही. “एक म्हणजे दोन नसतात, हे मला आता कुणी शिकवायला नको, बाई.”

ती उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली. “तुमची बस कुठली?” तिने विचारलं, जणू एवढं सगळं बोलून झाल्यावर काहीतरी साधं बोलायला हवं होतं.

“मी चालत जाते.”

“बरं आहे मग,” ती म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत नवी आली. बाईंच्या खुर्चीपाशी थांबली, कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि कानाशी वाकली.

“बाई, यात चूक नाहीये. मी घरी खूपदा करून पाहिलं.”

मान डोलवायची की हलवायची, एवढंच बाईंच्या हातात असायचं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. नवी जरा वेळ थांबली आणि तेवढ्यावरच खूश होऊन गेली. व्हरांड्यातून ती उड्या मारत जात होती, एक पाय, दोन पाय, एक पाय.

त्या संध्याकाळी रस्ता नेहमीसारखा सैल झाला नाही. बाई फाटकांवरचे आकडे बघत चालल्या आणि आकडे आपापल्या जागी राहिले. पुलावर त्या थांबल्या. एक बरोबर दोन. ठीक. दोन्हीतून एक काढला तर? शून्य बरोबर एक. इतकी वर्षं त्या या रस्त्याने संख्या वाढवत गेल्या होत्या, एक पायरी खाली कधी उतरल्या नव्हत्या. शून्य बरोबर एक, म्हणजे नसलेलं आणि असलेलं सारखंच. खाली पाणी हळू वाहत होतं आणि त्यात पुलाचा कठडा उलटा, मोडत जोडत तरंगत होता. त्यावर एक बाई वाकून वर बघत होती.

घरी अक्काने चहा ठेवला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“अगं, मग नको सांगूस,” अक्का म्हणाली. “तुला काय कुणी फासावर देणार आहे?”

“बाकीची मुलं आहेत ना वर्गात.”

“ती काय उद्यापासून एका चपलेच्या पैशात दोन मागणार आहेत? मागितल्या तरी दुकानदार देणार नाही. तुझ्यापेक्षा त्याला गणित पक्कं येतं.”

“तसं नाही गं. ते खरं धरलं ना, तर शून्य आणि एक सारखे होतात. ती गेलेली परत येते, पण ही असलेली नाहीशी होते. त्या जगात कुणाला कुणाची आठवणच यायला नको.”

अक्काने कपातली साय चमच्याने बाजूला केली. “मला सांगितलंस ते ठीक. त्या पोरीपुढे असलं काही बोलू नकोस हो.”

“मग काय बोलू?”

“मला काय विचारतेस? मी गणितात नापास.” अक्काने चमचा बशीत ठेवला. “तुझे भाऊजी गेले तेव्हा जो तो मला म्हणायचा, आता पुढचं बघ. पुढे काय होतं बघायला? भिंत होती. तिच्यावर कॅलेंडर.”

“मी काय म्हणाले होते?”

“तू काही म्हणाली नाहीस. चहा केलास. साखर विसरलीस.” अक्काने कप पुढे सरकवला. “उद्या सरळ रजा टाक.”

बाईंनी रजा टाकली नाही. पण शनिवारी वर्गात शिरताना त्यांच्या हातात आलेखाचा कागद होता. रात्री पडल्यापडल्या त्यांनी ठरवलं होतं, नवा धडा काढायचा आणि त्यात तास संपवायचा. शिपाईमामांना सांगून सोमवारपर्यंत तो कोपरा ‘चुकून’ पुसून घ्यायचा. इतक्या वर्षांत बाईंनी अशी टाळाटाळ कधी केली नव्हती, त्यामुळे संशयही येणार नव्हता.

“आज आलेख,” त्या म्हणाल्या. “पान उघडा.”

वर्गात एकच गलका झाला.

“बाई, शनिवार आहे!”

“बाई, चूक!”

“बाई, ही ढापणी आता फुटेल. तीन दिवस दाबून ठेवलंय तिने.”

“शांत. ते नंतर. आडवी रेघ मारा.”

बाईंनी फळ्यावर आडवी रेघ मारली. ती वाकडी आली. त्यांची रेघ कधी वाकडी येत नसे. पुढच्या बाकांनी ते पाहिलं. आणि त्या पुसायला वळल्या तेवढ्यात मागून बडबड्या किंचाळला, “शून्य! अ वजा ब म्हणजे शून्य! बाईंनी शून्याने भागलंय! हात्तिच्या, मला आत्ता दिसलं!”

वर्गाने बाकं बडवली. ज्यांना कळलं त्यांनीही आणि नाही कळलं त्यांनी जास्तच. ढापणी रुमाल खाली करून ओरडत होती, “मला बुधवारीच!” बाई खिडकीकडे बघत होत्या. नवी उभी राहिली होती.

“शून्य नाहीये,” ती म्हणाली.

तिचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला. बाकं थांबली.

“अगं, दोन्ही सारखे आहेत ना?” बडबड्या समजावू लागला. “सारख्यातून सारखं गेलं की शून्य. पहिलीतलं आहे हे.”

“सारखे आहेत. पण दोन आहेत.” ती त्याच्याशी नाही, फळ्याशी बोलत होती. “एकच असता तर बाईंनी दोन अक्षरं कशाला घेतली असती? सारखे दिसतात म्हणून सगळे गोंधळतात. पण अ मधून ब गेला तर अ असतोच ना? तो कुठे जातो?”

कुणीतरी खुदकन हसलं आणि आपलं आपणच गप्प झालं.

या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. अक्षरं म्हणजे नुसती नावं. एका संख्येला दोन नावं असली तरी संख्या एकच. एका वाक्याचं काम. बरोबर वाक्य. पण त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

“तू म्हणतेस ते मला कळलं,” त्या म्हणाल्या. “पण या फळ्यावर फक्त संख्या राहतात. संख्यांत अ मधून ब गेला की शून्य उरतं. ते मी बदलू शकत नाही, आणि बदललं असं तुला खोटं सांगणार नाही. तू म्हणतेस ते लिहायला वजाचं चिन्ह पुरत नाही.”

“मग कुठलं पुरतं?”

“मला माहीत नाही.”

बाईंच्या तोंडून हे वाक्य आठवीने कधी ऐकलं नव्हतं. नवीनेही नाही. ती उभीच होती. तिचे ओठ आत ओढले गेले होते आणि डोळे भरून आले होते, पण ती ते पुसत नव्हती.

“इकडे ये,” बाई म्हणाल्या. “वाच पहिली ओळ.”

“अ बरोबर ब.”

“खरी?”

“खरी.”

“दुसरी?”

नवी वाचत गेली. दोन्ही बाजूंना गुणलं, खरं. दोन्ही बाजूंतून वजा केलं, खरं. अवयव पाडले. तिथे बाईंनी तिच्या बोटाजवळ आपलं बोट ठेवलं.

“इथपर्यंत एकही ओळ खोटी नाही. नीट बघ. डावीकडे शून्य आहे, उजवीकडे शून्य आहे, आणि दोन्हीकडे ते कंसात जपून ठेवलंय. खोटं सुरू होतं ते इथे, मी ते काटलं तिथे. ते काटून पुढे जायची घाई केली की मग काहीही सिद्ध होतं.”

“आणि नाही काटलं तर?”

“तर पुढे जाता येत नाही.”

“मग काय करायचं?”

“थांबायचं,” बाई म्हणाल्या. “पुढे गेलंच पाहिजे असं गणितात कुठे लिहिलेलं नाही.”

शेजारच्या वर्गातली कविता ऐकू येत होती. नवीने डस्टर घेतलं. खालच्या ओळी पुसल्या, आधी दोन बरोबर एक, मग त्याच्या वरची, मग तिच्या वरची. कंसांवरच्या त्या दोन तिरक्या रेघा मात्र तिने डस्टरने पुसल्या नाहीत. बोटाचं टोक ओलं करून हलकेच काढल्या, खालची अक्षरं फिसकटू नयेत म्हणून. एक ब जरासा पुसट झाला. तिने खडूने तो पुन्हा गिरवला, आणि जाऊन जागेवर बसली.

“बाई,” बडबड्या खालच्या आवाजात म्हणाला, “आलेख काढायचा का?”

“काढ,” बाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडताना त्यांना समोरच्या बसथांब्यावर नवीची आई दिसली. ती लेकीला न्यायला आली होती. बाईंना पाहून ती उठली. एवढ्या अंतरावरूनही तिचा चेहरा विचारत होता, सांगितलंत का? बाईंना वाटलं, रस्ता ओलांडून जावं, निदान उभं राहावं समोर. पण कोणत्या शब्दापासून सुरुवात करायची ते ठरेना. तेवढ्यात नवी त्यांच्या बाजूने पळत पलीकडे गेली. तिने आईचा हात धरून तिला खाली बसवलं, बाकावर नाही, थांब्याच्या कडेला मातीत, आणि वाळकी काटकी घेऊन जमिनीवर लिहू लागली.

बाई फाटकापाशीच थांबल्या. दुपारचा रस्ता रिकामा होता. झाडाची सावली त्या दोघींवर हळूहळू हलत होती, जशी पाण्याखाली हलावी.

आई आधी लेकीकडे बघत होती. मग जमिनीकडे बघू लागली. शाळा सोडून तिला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. तिने कंसावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. नवीने सांगितलं. आईने पुन्हा विचारलं, या वेळी रस्त्यापलीकडेही ऐकू आलं.

“यातला अ म्हणजे तू का?”

“कुणीही चालतं गं. आम्ही सारख्याच होतो ना.”

आईने डोकं खाली घातलं. मग तिच्या तोंडून एक नाव निघालं. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या हजेरीत ते नव्हतं. नवीने एकदम मान वर केली आणि तेच नाव परत म्हटलं, मोठ्याने. मग दोघी एकमेकींना मध्येच तोडत बोलू लागल्या.

बस आली. दार उघडलं. कंडक्टर बाहेर डोकावून म्हणाला, “चला ताई, येताय ना?”

आईने वर न बघताच हात हलवला. कंडक्टरने घंटी दिली. बस निघाली तसा वाऱ्याचा लोट आला, पाचोळा आणि माती उडाली, आणि जमिनीवरचं लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून दोघींनी एकाच वेळी त्यावर आपापले हात आडवे धरले.